आठ शनिवार, दोन हजार रुपये: ठाण्यातल्या युरोपीय संघाच्या वर्गाबद्दल

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात आली होती. 'शेजारी देश एकत्र कसे येतात? युरोपची गोष्ट, मराठीतून. आठ शनिवार, संध्याकाळी पाच ते सात. शुल्क २००० रुपये, चहासह.' जागा नौपाड्यात, राम मारुती रोडच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. मुलगी म्हणाली, "आई, हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे." तरी मी त्याच दिवशी पैसे भरले.

वागळे इस्टेटमध्ये व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं डिस्पॅच सांभाळलं. ठाण्यातून मुंबईत माल पाठवायचा म्हणजे जकात. मुलुंडची हद्द आमच्या गेटपासून हाकेच्या अंतरावर, पण बिल, चलन, जकातीचा फॉर्म, एजंटचा फोन, रोख पैसे, हे सगळं जुळल्याशिवाय गाडी हलायची नाही. माल चढवायला अर्धा तास लागायचा आणि कागद करायला दीड. एकदा पावसाळ्यात माझ्या हातून चलनावर ३६ च्या जागी ६३ नग पडले. गाडी रात्रभर नाक्यावर उभी राहिली. परळच्या साइटवर फिटर हात बांधून बसले, आणि आमचा ड्रायव्हर अंगात ताप असताना केबिनमध्ये झोपला. चूक माझी होती, ती मी आजही विसरलेले नाही. पण दोन शहरांच्या मधल्या एका रेषेपायी दोन आकडे उलटे पडले आणि एवढं सगळं घडलं, हेही विसरलेले नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. तो शनिवार होता. सोमवारी पहिली गाडी निघाली आणि वीस मिनिटांत ड्रायव्हरचा फोन आला, "ताई, कुणी थांबवलंच नाही." त्याच्या आवाजात आनंदापेक्षा भांबावलेपण जास्त होतं. हेच देशादेशांत घडतं तेव्हा कसं घडतं, कोण घडवतं, हे मला समजून घ्यायचं होतं. म्हणून वर्ग.

शिकवणारे सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आम्ही बावीसजण होतो. निवृत्त मंडळी जास्त, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी तीन मुलं, आणि वाशीच्या ट्रक टर्मिनलजवळ ऑफिस असलेले एक ट्रान्सपोर्टवाले काका. हे काका वर्गात होते म्हणून वर्गाची किंमत दुप्पट झाली, असं मी मनापासून सांगते.

पहिल्या शनिवारी सरांनी तारखा सांगितल्याच नाहीत. तीन माणसांबद्दल सांगितलं. रोबेर शुमन, जन्म १८८६, लक्झेंबर्गमध्ये. वडील लोरेन प्रांतातले, तो प्रांत १८७१ च्या युद्धानंतर जर्मनीकडे गेला, म्हणून मुलगा जन्मानं जर्मन नागरिक. पहिल्या महायुद्धानंतर लोरेन फ्रान्सकडे परत आला, शुमन फ्रेंच झाले आणि पुढे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री झाले. दुसरे इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी. त्यांचं गाव ट्रेंटो भागात, जो आधी ऑस्ट्रिया-हंगेरीत होता. तरुणपणी ते व्हिएन्नाच्या संसदेत बसले होते. तिसरे पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर, ऱ्हाइनकाठच्या कोलोनचे. तिघंही एकमेकांशी जर्मन बोलू शकत. सर म्हणाले, ही सीमेवरची माणसं होती, म्हणून सीमेचं दुखणं त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

माझं माहेर निपाणीचं. आमच्या घरात मराठी, पाटी कन्नडमध्ये, बाजार कोल्हापूरचा आणि कचेरी बेळगावची. आजी म्हणायची, माणूस जागचा हलत नाही, सरकारच त्याच्या अंगावरून इकडून तिकडे जातं. शुमनबद्दल ऐकताना मला आजीच आठवत होती.

दुसरा शनिवार सगळ्यात चांगला झाला. सर पिशवीतून दोन वस्तू घेऊन आले. इस्त्रीवाल्याकडून मागून आणलेला कोळशाचा तुकडा आणि एक जाडजूड बोल्ट. "हा लाकडी कोळसा आहे, खाणीतला नाही, तेवढं चालवून घ्या," असं म्हणून त्यांनी दोन्ही टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "यातून काय होतं?" मी म्हटलं, पोलाद. "आणि पोलादातून?" मागून एक मुलगा म्हणाला, तोफा. रूर भागातला कोळसा जर्मनीचा, लोरेनचं लोखंड फ्रान्सचं. सत्तर वर्षांत तीन युद्धं झाली, १८७०, १९१४ आणि १९३९. आणि आता जर्मनी पुन्हा उभा राहू लागलेला.

९ मे १९५० ला शुमन यांनी पॅरिसमध्ये प्रस्ताव वाचला, की दोन्ही देशांचा सगळा कोळसा आणि सगळं पोलाद एकाच सामाईक प्राधिकरणाखाली ठेवू या, ज्यांना यायचं असेल त्यांना दार उघडं. मसुदा फ्रेंच अधिकारी जाँ मोने यांचा. त्यांच्या घरचा धंदा ब्रँडीचा, तरुणपणी देशोदेशी फिरून त्यांनी माल विकला होता. त्या निवेदनात एक विचार आहे, तो मी वहीत लिहून घेतला. युरोप एका दमात किंवा एकाच आराखड्यानं उभा राहणार नाही, प्रत्यक्ष केलेल्या कामांतून आधी आपलेपणा तयार होईल आणि त्यावर तो उभा राहील. १८ एप्रिल १९५१ ला सहा देशांनी करारावर सह्या केल्या: फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग. यातल्या शेवटच्या तिघांनी आपापसातली जकात १९४८ पासूनच काढून टाकली होती. ब्रिटन तेव्हा आला नाही.

इथे ट्रान्सपोर्टवाल्या काकांनी हात वर केला. "सर, हिशेब कोण ठेवणार? आणि ज्याची खाण बंद पडेल त्याचं काय?"

सर इतके खूश झाले की पुढचा पाऊण तास त्यांनी यावरच घालवला. लक्झेंबर्गमध्ये नऊ जणांचं वरिष्ठ प्राधिकरण बसलं, मोने त्याचे पहिले अध्यक्ष. या नऊ जणांनी स्वतःच्या सरकारचा हुकूम घ्यायचा नाही, हे करारातच लिहिलेलं. त्यांना खर्चाला कुणाच्या दारात जावं लागू नये म्हणून कोळसा आणि पोलादाच्या उत्पादनावर थेट छोटा कर बसवण्याचा अधिकार दिला. बेल्जियमच्या खाणी जुन्या, त्यांचा कोळसा महाग. दार उघडलं असतं तर त्या बुडाल्या असत्या. म्हणून सुरुवातीची काही वर्षं जर्मन आणि डच कोळशावर आकारणी करून ते पैसे बेल्जियमला दिले. इटलीच्या पोलादाला पाच वर्षांची सवलत, तोवर त्यांनी आपली जकात ठेवायची. ज्या कामगारांचं काम जाईल त्यांना नवं काम शिकवायला आणि घरं बांधायला वेगळा निधी.

मला या वर्गातून जे कळलं ते बहुतेक याच पाऊण तासात कळलं. शेजारी एकत्र येतात ते गाडी हद्दीवर थांबेनाशी झाली की, हे मला अंदाजानं माहीत होतं. पण गाडी थांबेनाशी व्हावी म्हणून ज्याचं नुकसान होणार त्याला आधी भरपाई द्यावी लागते आणि हिशेब अशा माणसाच्या हाती द्यावा लागतो जो कुणाचाच नोकर नाही, हे मी कधी असं मांडून पाहिलं नव्हतं. आपल्याकडेही तेच झालं होतं की. राज्यांना जीएसटीनंतर पाच वर्षं, दरसाल १४ टक्के वाढ धरून, भरपाईची हमी दिली म्हणून राज्यं तयार झाली. मुंबई महापालिकेला जकातीच्या बदल्यात राज्य सरकारकडून दरमहा रक्कम मिळू लागली. डिस्पॅचच्या टेबलावरून मला तेव्हा फक्त 'नाका गेला' एवढंच दिसलं होतं.

तिसऱ्या शनिवारी रोमचा करार, २५ मार्च १९५७. फक्त कोळसा-पोलाद नाही, सगळाच माल. सहा देशांत आपापसात जकात शून्य आणि बाहेरच्यांना सगळीकडे एकच दर. यासाठी बारा वर्षं ठरवली होती, पण १ जुलै १९६८ लाच, म्हणजे दीड वर्ष आधी, काम पुरं झालं. सरांनी इथे एक खटला सांगितला, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. व्हान गेंड एन लोस ही नेदरलँड्सची ट्रान्सपोर्ट कंपनी. तिने जर्मनीतून एक रसायन आणलं. करारात म्हटलं होतं की नवी जकात लावायची नाही, असलेली वाढवायची नाही. तरी डच कस्टमने तो माल दुसऱ्या वर्गात घातला आणि ३ टक्क्यांच्या जागी ८ टक्के लावले. कंपनी म्हणाली, करार मोडला. सरकार म्हणालं, करार देशादेशांतला आहे, तुमचा त्याच्याशी काय संबंध? ५ फेब्रुवारी १९६३ ला युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला: संबंध आहे. हा करार साध्या माणसांनाही हक्क देतो आणि ते हक्क त्यांना आपल्याच देशाच्या कोर्टात मागता येतात.

काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पाच टक्क्यांसाठी आमच्या धंद्यातला माणूस एवढ्या वर गेला आणि जिंकला?" मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत, नुसते वहीत लिहीत होते.

चौथ्या शनिवारी वर्ग झालाच नाही. मी वर्तकनगरहून पावसात टीएमटीने आले तर दाराला कुलूप. संयोजकांनी सकाळीच रद्द केलं होतं म्हणे, पण निरोप अर्ध्या लोकांनाच गेला. आम्ही सातजण जिन्यात उभे होतो, त्यात एक आजोबा काठी घेऊन आलेले. बदली वर्ग पुढच्या रविवारी झाला, पण कुणी साधं 'माफ करा' म्हटलं नाही. हे मी त्यांना लेखी कळवलं आहे, म्हणून इथे नाव घेत नाही. त्या दिवशी आम्ही सातही जण मामलेदारची मिसळ खायला गेलो. एकमेकांची खरी ओळख तिथे झाली.

बदली वर्गात अपयशाच्या गोष्टी होत्या. सामाईक सैन्याचा करार १९५४ मध्ये फ्रान्सच्याच संसदेने फेटाळला. १९६५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी सहा देशांच्या बैठकांत सात महिने आपल्या देशाची खुर्ची रिकामी ठेवली. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अर्न्स्ट हास या अभ्यासकाचा सिद्धांत हवा होता: एका क्षेत्रात एकत्र आलात की ते दुसऱ्या क्षेत्रात आपोआप ओसंडतं. सरांनी तो नीट समजावला. मला मात्र 'आपोआप' हा शब्द पटला नाही, आणि मी तसं म्हटलं. दूध आपोआप ओसंडतं. इथे प्रत्येक वेळी कुणीतरी ढकललेलं दिसतं, आणि कुणी ढकललं नाही तर दहा-दहा वर्षं काही हललेलं दिसत नाही. सरांनी वाद घातला नाही, फळ्यावर माझं वाक्य लिहिलं.

पाचवा शनिवार शेंगेनचा, म्हणजे देशादेशांतल्या हद्दींवरची तपासणी उठवणाऱ्या कराराचा, आणि माझ्यासाठी हाच सगळ्यात जवळचा. फेब्रुवारी १९८४. आल्प्समध्ये फ्रान्स-इटलीच्या हद्दीवर कस्टमच्या लोकांचं आंदोलन, मालट्रकांच्या रांगा. थंडीत अडकून वैतागलेल्या ड्रायव्हरांनी रस्तेच अडवले. सरकारं हादरली. १३ जुलै १९८४ ला फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने आपापसातली तपासणी कमी करायचा करार केला. पुढच्याच वर्षी, १४ जून १९८५ ला, मोझेल नदीवरच्या एका प्रवासी बोटीत पाच देशांनी सह्या केल्या. बोट उभी होती लक्झेंबर्गच्या शेंगेन गावाशी, द्राक्षमळ्यांचं लहानसं गाव, जिथे फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग एकमेकांना भिडतात. बडे नेते आलेच नव्हते, राज्यमंत्री पातळीची माणसं होती.

सरांनी खिशातून हिरव्या कार्डपेपरची एक गोल चकती काढली. पट्टीने मोजून आठ सेंटिमीटर. करारातच लिहिलं होतं: मोटारीच्या पुढच्या काचेवर कमीत कमी आठ सेंटिमीटर व्यासाची हिरवी चकती लावा. तिचा अर्थ, आमच्याकडे दाखवण्याजोगं काही नाही, आम्ही नियमात आहोत. मग पोलिसांनी गाडी न थांबवता नुसती नजर टाकायची, वेग थोडा कमी, एवढंच. चकती वर्गात हातोहात फिरली. माझ्याकडे आली तेव्हा मी ती जरा जास्तच वेळ धरून बसले. एवढ्याशा कागदावर एका सरकारने दुसऱ्या देशातल्या अनोळखी माणसाचा शब्द खरा मानला होता. हद्दीवरची तपासणी प्रत्यक्षात थांबायला मात्र २६ मार्च १९९५ उजाडलं, कारण हद्द उघडायची तर व्हिसा, पोलीस, गुन्हेगारांच्या नोंदी, सगळंच एकमेकांना दाखवावं लागतं. आज शेंगेनमध्ये २९ देश आहेत.

सहाव्या शनिवारी घाई झाली. १९९३ ची एकसंध बाजारपेठ, मास्ट्रिख्टचा करार, युरो, सगळं दोन तासांत. आधी नुसती बाजारपेठ होती, मास्ट्रिख्टनंतर 'युरोपीय संघ' हे नाव आलं आणि माणसाला आपल्या देशाबरोबर संघाचंही नागरिकत्व मिळालं, हे महत्त्वाचं सरांनी घाईतही सोडलं नाही. डेन्मार्कने १९९२ मध्ये आधी नकार दिला होता, तेव्हा त्यांना काही बाबतीत बाहेर राहायची मुभा देऊन पुन्हा मतदान घेतलं. युरोची नाणी बघायला दिली. एक बाजू सगळ्यांची सारखी, दुसरी ज्या देशाने पाडलं त्याची. जर्मनीचा गरुड, आयर्लंडची वीणा, ग्रीसचं घुबड. आयर्लंडचं नाणं ग्रीसच्या भाजीवाल्याने घ्यायचं, हे १ जानेवारी २००२ पासून.

सातव्या शनिवारी त्या घुबडाचं पुढे काय झालं ते. चलन एक, पण खर्च प्रत्येकाचा वेगळा, आणि कर्ज बुडायला लागलं तर कोण भरणार हे आधी ठरवलेलंच नाही. जून २०१५ च्या शेवटी ग्रीसच्या बँका बंद झाल्या आणि एका कार्डावर दिवसाला ६० युरो एवढीच मर्यादा आली. एटीएमपुढे उभ्या असलेल्या पेन्शनरांचं सांगताना वर्गातली सगळी वयस्क माणसं गप्प होती. मग ब्रिटन. २३ जून २०१६ चं मतदान, ३१ जानेवारी २०२० ला बाहेर. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन आणि युरोपमधल्या मालाला पुन्हा कस्टमचे कागद. जिथे पूर्वी गाडी सरळ जायची तिथे पुन्हा फॉर्म. जर्मनीनेही सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या हद्दींवर तपासणी परत सुरू केली. सरांनी हे लपवलं नाही, याचं मला बरं वाटलं. उघडलेली हद्द पुन्हा बंद होऊ शकते, हे शिकवणाऱ्याने सांगितलंच पाहिजे.

कळव्याच्या एका मुलीने त्या दिवशी छान प्रश्न विचारला: मोठा देश छोट्याला दाबत नाही का? संघात बहुतेक निर्णयांना ५५ टक्के देश आणि त्यांत मिळून ६५ टक्के लोकसंख्या, असं दोन्ही लागतं. सरांनी लगेच आपल्या जीएसटी कौन्सिलचा हिशेब फळ्यावर लिहिला: केंद्राचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, निर्णयाला तीन चतुर्थांश. म्हणजे केंद्र एकटं पुरत नाही आणि केंद्राशिवायही होत नाही. दोन्ही आकडेमोडी शेजारी शेजारी पाहून मला वाटलं, ही पद्धत आपल्याला परकी नाही, आपण ती घरात वापरतो.

आता तक्रार, आणि ही मनापासूनची. आठव्या शनिवारी दक्षिण आशियासाठी शेवटची पंचवीस मिनिटं ठेवली होती. शेंगेनची सही जून १९८५ ची, सार्कची, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांच्या संघटनेची, स्थापना ८ डिसेंबर १९८५ ची, ढाक्याला. एकाच वर्षी निघालेल्या दोन गाड्या! एक कुठे पोचली आणि आपली कुठे उभी आहे? मुक्त व्यापाराचा करार २००६ पासून लागू, शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला, त्यानंतर एकही नाही. २०१५ मध्ये थिंफूला भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळ यांनी एकमेकांच्या गाड्या येऊ द्यायचा करार केला, पण भूतानच्या संसदेत तो अडकला. मला वाटतं, भूतानची भीती बेल्जियमच्या खाणीसारखीच खरी होती, त्यांच्या डोंगरातल्या रस्त्यांवर परक्या ट्रकांचा लोंढा. बेल्जियमला कुणीतरी भरपाई देऊ केली. इथे ती कुणी द्यायची? आपला देश बाकी सगळ्या सदस्यांच्या एकत्र लोकसंख्येपेक्षा मोठा आहे. मग पहिला हात आपणच पुढे करायला हवा ना? यावर बोलायला वेळच उरला नाही.

काका बांगलादेशला माल पाठवतात. सीमेवर आपल्या गाडीतून माल उतरवून तिकडच्या गाडीत चढवायचा. त्यांची एक गाडी एका ठिकाणी अकरा दिवस उभी होती. अकराव्या दिवशी ड्रायव्हरने त्यांना विचारलं होतं, "शेठ, मी घरी जाऊन येऊ का?" हे त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि सात वाजले.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. जिना उंच आहे, लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर विचार करा. नोट्स इंग्रजीतल्या कशाच्या तरी पुसट झेरॉक्स होत्या, मराठीतून वर्ग म्हटल्यावर हे बरं नाही. चहा चांगला. खिडकीजवळच्या खुर्च्यांना गल्लीतल्या हॉर्नचा त्रास होतो, फळ्याच्या डाव्या हाताला बसा. दोन हजार रुपये मला अजिबात जास्त वाटले नाहीत.

पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होईल. मी सरांना चिठ्ठी दिली, की एक नववा शनिवार वाढवा, फक्त आपल्या शेजाऱ्यांसाठी, आणि त्यात अर्धा वेळ काकांना बोलू द्या. सरांनी होकार दिला. काका त्या अकरा दिवसांच्या गाडीचे कागद घेऊन येणार आहेत. मी माझं ६३ नगांचं चलन शोधते आहे, घरातल्या कुठल्या तरी फाइलमध्ये त्याची कार्बन कॉपी असणार.